खिडकी उघडी असली म्हणजे

कोपऱ्यावर बस वळवताना ड्रायव्हर नेहमीसारखा स्टिअरिंगवर पुढे वाकला. समोरच्या काचेतून मान वाकडी करून त्याने रस्त्याकडेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याकडे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खिडकी उघडी होती. हिरव्या लाकडी झडपा दोन्ही बाजूंना भिंतीला टेकल्या होत्या. म्हणजे आई ठीक होती.

"अहो, रस्ता खाली आहे," मागून कंडक्टर बाई म्हणाल्या. "आभाळात कुठं चालवताय बस?"

"बघतोय, पाऊस-बिऊस येतोय का."

बसमधले दोन-चार जण हसले. पावसाचा विनोद या शहरात कधी शिळा होत नसे. इथे वर्षाचे बारा महिने ऊन. पोस्टकार्डांवर सूर्य, हॉटेलांच्या पाट्यांवर सूर्य, बसच्या तिकिटावरसुद्धा कोपऱ्यात एक हसरा सूर्य छापलेला. हिवाळ्यात कधी चार सरी आल्याच, तर लोक हातातलं काम टाकून गॅलरीत येऊन बघत उभे राहायचे. लांबलांबून माणसं हे ऊन अंगावर घ्यायला यायची आणि जाताना टोमॅटोसारखी लाल होऊन जायची. त्यांना आणि गावातल्यांना समुद्रावरून वर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत नेण्याचं काम हीच बस करायची. समुद्र ते दवाखाना, एवढाच तिचा मार्ग. जाताना या चढाच्या रस्त्याने, येताना मागच्या रस्त्याने. डेपोत म्हणत की गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी या बसने दोन्ही टोकं बघतो.

डेपोत त्याला 'ब्रेक्या' म्हणत. हे नाव लंबूने ठेवलेलं. लंबू त्याच मार्गावरचा दुसरा ड्रायव्हर, उंचीने ताडमाड आणि तोंडाने त्याहून लांब. "कागद आडवा आला तरी हा ब्रेक मारतो, आणि उतरून कागदाला विचारतो, लागलं तर नाही ना?" असं तो सगळ्यांना सांगायचा. सांगण्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. भीती या माणसाच्या पाचवीलाच पुजलेली होती. समुद्राकाठी जन्मून तो गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी शिरला नाही. बायकोला बाजारातून यायला जरा उशीर झाला की हा गॅलरी ते दार अशा येरझाऱ्या घालायचा, आणि ती आली की तिच्यावरच खेकसायचा. नोकरीत मात्र त्याच्या हातून कुणाला कधी खरचटलं नव्हतं. त्याला हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाने निदान एखादा खांब तरी वाकवला होता.

त्याची सगळ्यात जुनी भीती चौथ्या मजल्यावर राहत होती. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी. एक खोली, एक मोरी, एक खिडकी. हा म्हणायचा, माझ्याकडे चल. ती म्हणायची, "तुझ्याकडे वारा येत नाही." त्याचं घर डोंगराच्या आड होतं, तिथे वारा खरंच येत नसे, त्यामुळे पुढे बोलायला जागाच उरायची नाही. आईने सगळी उमर एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात घालवली होती. "आयुष्यभर वाफेत उभी राहिले मी. ऊन माझं काय वाकडं करणार?" हे तिचं पालुपद. कानांनी ती जवळजवळ ठार बहिरी झाली होती. मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं, तर ते शिट्टी मारतं म्हणून तिने ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. फोन वाजत राहायचा आणि ती समोर बसून भाजी निवडत राहायची.

उरली ती खिडकी. या गावात खिडकी कधी उघडायची आणि कधी लावायची हे कुणी कुणाला शिकवत नाही. रात्रभर ती उघडी ठेवायची. सकाळी समोरच्या गच्चीवर ऊन उतरलं की झडपा ओढून घ्यायच्या आणि घर अंधारात थंड ठेवायचं. मग दुपार कलायला लागली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि गल्लीगल्लीतून झडपा उघडल्याचे आवाज येतात, खट्‌ खट्‌ खट्‌. सकाळपासून डोळे मिटून पडलेलं गाव जागं होतं. त्याच्या पहिल्या फेरीला आईची खिडकी उघडी असायची, मधल्या फेऱ्यांना बंद, आणि दुपारच्या फेरीला पुन्हा उघडी. बंद झाली म्हणजे आई सकाळी उठली. उघडली म्हणजे जेवून, पडून, पुन्हा उठली. दिवसातून दोनदा त्याला आईची खुशाली कळायची, आणि तीही न विचारता. आपण असं बघतो हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती हसली असती. लहानपणी हसायची तशी: "भित्रं बाळ माझं."

तर आजही खिडकी उघडी होती, आणि तो निर्धास्त होऊन गाडी चढावर घेत होता. दिवसच वैतागाचा गेला होता. पहिली फेरी झाली आणि इंजिन तापलं म्हणून गाडी डेपोत लावावी लागली. सकाळ गेली, जेवणाची वेळ गेली, मेकॅनिक एकेक नट काढून पुन्हा तोच बसवत राहिला, आणि हा त्या पत्र्याच्या शेडमध्ये घामाने निथळत उभा. गाडी मिळाली तेव्हा रोजची दुपारची फेरी केव्हाच टळून गेली होती.

पुढच्या स्टॉपवर कुणी चढलं नाही. त्याच्या पुढच्यावरही नाही. तिसऱ्या स्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ चढत होते. एक पाय पायरीवर आणि एक खाली, तेवढ्यात त्यांची टोपी उडाली. उडाली ती रस्त्यावर पडली आणि उताराने घरंगळत, उड्या मारत, समुद्राच्या दिशेने निघाली.

"आजोबा, गेली पोहायला तुमची टोपी!" कंडक्टर बाई म्हणाल्या. बस हसली. ड्रायव्हरही हसला. आरशात ती टोपी लहान लहान होत जाताना त्याला दिसत होती, आणि हसता हसता त्याचा जबडा तसाच राहिला.

टोपी समुद्राकडे गेली होती. दुपारी टोप्या समुद्राकडे जात नाहीत. दुपारी टोप्या डोंगराकडे जातात.

त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. भट्टीचं दार उघडल्यावर यावी तशी झळ डोंगराच्या बाजूने हातावर आली. उलटा वारा. उन्हाळा उतरल्यावर, आता सुटलो असं सगळ्यांना वाटायला लागलं की वर्षातून थोडे दिवस हा वारा डोंगरापलीकडच्या रानातून खाली येतो. त्या दिवसांत खारा वारा येतच नाही. जुनी माणसं म्हणतात, उलट्या वाऱ्याला तीन गोष्टी करा: खिडकी लावा, पाणी भरा आणि भांडण टाळा. त्या दिवशी दुपारी झडपा उघडत नाहीत. कुणीच उघडत नाही.

मग आईची खिडकी उघडी का होती?

सकाळी त्याने ती उघडी पाहिली होती, पण ती रात्रीची उघडी. आत्ताही उघडीच पाहिली. मधल्या फेऱ्या त्याने केल्याच नव्हत्या, खिडकी बंद झालेली आज त्याने पाहिलीच नव्हती. म्हणजे ती बंद झालीच नसेल तर? ही रात्रीचीच उघडी असेल तर? आई सकाळी उठलीच नसेल तर?

मन चिंती ते वैरी न चिंती. त्याला आई पलंगावर दिसली, मोरीत दिसली, मोरी आणि पलंगाच्या मधे दिसली. त्याने फोन काढून लावला. तो वाजत राहिला. रोजही वाजतच राहायचा, पण आज प्रत्येक रिंग त्याच्या छातीत वाजत होती.

"चला की ओ ड्रायव्हर," मागून कुणीतरी ओरडलं. "दार लावा, झळ येते आत."

त्याने दार लावलं नाही. दोन्ही हातांनी त्याने स्टिअरिंग धरून ठेवलं होतं आणि हात सुटत नव्हते. कंडक्टर बाई पुढे आल्या, त्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"टोपी समुद्राकडे गेली," तो म्हणाला.

"हो, मग? दुसरी घेतील ते."

"माझी आई... तिची खिडकी उघडी आहे. वारा उलटा आहे, बाई. आणि तिची खिडकी उघडी आहे."

बाई याच गावच्या. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. रोज हा माणूस मान वाकडी करून कुठे बघतो, तेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"मग बसलाय काय? उठा!"

"बस..."

"बस काय पळून जाते? हँडब्रेक लावा, किल्ली काढा आणि पळा. यांचं मी बघते."

तरी तो उठेना. नियमाची भीती होतीच. भरलेली बस रस्त्यात सोडून ड्रायव्हर गेला असं कधी कुणी केलं नव्हतं. पण खरी भीती वेगळी होती, आणि ती त्याला स्वतःला नीट कळत होती. तो बसमध्ये बसून होता तोवर आई जिवंत होती. जिने चढून दार उघडलं की काय ते कळणार होतं. पुढे दवाखाना, मग मागच्या रस्त्याने खाली समुद्र, मग पुन्हा हा चढ; एवढी एक फेरी मारून आलो तर कदाचित खिडकी बंद दिसेल, असा एक खुळा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराचीच त्याला इतकी लाज वाटली की तो उठला.

उतारावरून तो धावत सुटला. वारा पाठीवर ढकलत होता. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' म्हणतात. आज पाठ वाऱ्याला आणि तोंड त्या घराकडे. धावताना त्याला दिसलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या झडपा बंद आहेत. केशकर्तनालय बंद, बेकरीवरचे तिन्ही मजले बंद, शाळेच्या वर्गांच्या खिडक्या बंद. बस घेऊन तो इथूनच गेला होता, आणि यातलं काही त्याला दिसलं नव्हतं. तो वर्षानुवर्षं एकच खिडकी बघत आला होता. आज सगळ्या रस्त्यात तेवढी एकच उघडी होती.

जिन्यात अंधार आणि जरा गारवा होता. दुसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागली. तिसऱ्यावर, आईच्या खालच्या खोलीतली शिंपीणबाई मशीन थांबवून दाराशी आली. "काय झालं दादा?" तिने विचारलं, पण तो थांबला नाही. किल्ली त्याच्या गाडीच्या किल्ल्यांतच होती. कुलपात ती जाईना. एका हाताने दुसरा हात धरून त्याने ती घातली.

दार उघडताच आतली हवा अंगावर आली, आणि त्याला धुलाईखाना आठवला. लहानपणी शाळा सुटल्यावर तो आईला बघायला तिथे जायचा आणि दारातूनच मागे फिरायचा, तीच ही धग.

आई पलंगावर नव्हती. मोरीतही नव्हती. ती खिडकीशी होती, आपल्या वेताच्या खुर्चीत, खुर्ची अगदी चौकटीला लावलेली. पाठ ताठ, एक हात खिडकीच्या कठड्यावर. तोंड रस्त्याकडे.

"आई!"

ती हलली नाही. तिला ऐकू येत नाही हे तो विसरला होता. पुढे जाऊन त्याने तिच्या खांद्याला हात लावला. खांदा तव्यासारखा तापला होता आणि घामाचा एक थेंबही नव्हता. तिने सावकाश मान फिरवली. चेहरा लाल, ओठ फुटलेले, डोळे कुठेतरी लांबून त्याच्याकडे येत होते.

"आलास?" ती म्हणाली. "बस कुठाय?"

ती जिवंत होती. तो तिच्या पायांशी बसलाच. मग एकदम उठून त्याने झडपा ओढल्या. खोलीत काळोख झाला.

"हां. लाव आता," आई म्हणाली. "आता चालेल."

शिंपीणबाई मागोमाग आलीच होती. तिने बादली भरली, चादर ओढून पाण्यात बुडवली आणि आईच्या अंगाभोवती लपेटली. पाणी प्यायला दिलं तर अर्धं हनुवटीवरून ओघळलं.

"दादा, मी वर आले होते हो मघाशी," ती रडकुंडीला येऊन सांगत होती. "म्हटलं आजी, खिडकी लावा, उलटा वारा सुटलाय. हातवारे करून सांगितलं. तर म्हणतात कशा, 'माहितीय मला. बस जाऊ दे, मग लावते.' मला वाटलं, लावतील. मी परत यायला हवं होतं."

"कुठली बस?" त्याने आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं. "आई, कुठली बस जायची होती?"

"तुझी," आई म्हणाली. जणू गावात दुसरी बसच नव्हती. "सकाळी लावली होती मी वेळेवर. मग तुझ्या वेळेला उघडली. म्हटलं, गेलास की लावीन. बंद दिसली असती तर..." तिला दम लागला. "तुझा स्वभाव. बस टाकून पळत आला असतास. नोकरी गेली असती."

त्याने चादरीचं टोक पुन्हा भिजवून तिच्या कपाळावर धरलं.

"तुझी येईचना. एक बस गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. तुझी काही येईना. म्हटलं, अपघात झाला असेल. कुठं उलटली असेल गाडी. मग डोळ्यांपुढं अंधारीच आली." तिने ओला हात चादरीतून काढून त्याच्या गालाला लावला. "मी घाबरले रे."

हे वाक्य त्याने तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही. घरात भीती हे त्याचं खातं होतं आणि हसणं तिचं. आता ती हसत नव्हती, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला तिचा धीर समजत होतो, त्यातला बराचसा तिने आपल्यासाठी उसना आणलेला होता.

शिंपीणबाई त्याला हलवत म्हणाली, "दादा, दवाखान्यात न्या. बसू नका."

तो उठला. तिला खुर्चीसकट खाली न्यायचं ठरलं. तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. केस."

"काय?"

"केस विंचर माझे. बसमध्ये माणसं असतील."

"आई, वेळ नाही!"

तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेलही. तिने ओठ मिटून घेतले. हे ओठ मिटणं त्याला ठाऊक होतं. त्यापुढे वडिलांचंही कधी चाललं नव्हतं. त्याने फळीवरची फणी घेतली. फणी तिच्या पातळ, पांढऱ्या, कोरड्या केसांत अडकत होती. दुखू नये म्हणून हळू करावं तर वेळ जात होता, घाई करावी तर केस ओढले जात होते. प्रत्येक वेळी फणी फिरवताना त्याला वाटे, एवढ्यात ती गेली तर? शिंपीणबाईने मागे गाठ बांधून दिली. आईने हात फिरवून गाठ तपासली. "चल," ती म्हणाली.

तिला शिंपीणबाईपाशी सोडून तो गाडी अडवायला खाली धावला, तेव्हा पुढची बस चढ चढून येत होती. तो दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी ब्रेक मारला.

"अरे ब्रेक्या, मरायचंय का तुला?" लंबूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग त्याने याचा चेहरा पाहिला, आणि पुढचं काही न बोलता खाली उडी मारली. खुर्ची दोघांनी मिळून चौथ्या मजल्यावरून उतरवली. जिन्याच्या वळणांवर लंबू मागे आणि हा पुढे. आई वर, ओल्या चादरीत, ताठ.

"आता दवाखान्यापर्यंत स्टॉप नाही," लंबूने बसमध्ये चढून जाहीर केलं. "ज्याला मधे उतरायचंय त्याने येताना उतरावं." एक माणूस कुरकुरायला लागला होता. आईला आत घेतलं तसा तो उठून उभा राहिला आणि त्याने आपली जागा दिली. वाटेत त्यांनी उभी असलेली बस ओलांडली. कंडक्टर बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. आई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून होती. तिचा श्वास भराभर चालला होता, आणि तो मोजता मोजता मधे चुकायचा आणि दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरणीने बर्फ लावला, सलाईन लावलं, आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. ती तरुण होती आणि खरं बोलणारी होती. "शरीर फार वेळ तापलंय," ती म्हणाली. "या वयात ते पुन्हा खाली आणणं कठीण असतं. आम्ही प्रयत्न करतोय." त्याने मान हलवली. मग तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. बायको आली, तिने त्याचा हात घट्ट धरला.

मधे एकदा आई शुद्धीवर आली. खोलीत पंखा होता, पडदे ओढलेले होते. "खिडकी?" तिने विचारलं.

"लावली," तो म्हणाला.

"हां."

त्यानंतर ती काही बोलली नाही. खारा वारा परत आला त्याच्या आदल्या संध्याकाळी ती गेली.

डेपोतल्या साहेबांनी बस सोडल्याबद्दल त्याला काही विचारलं नाही. कंडक्टर बाईंनी काय सांगितलं कुणास ठाऊक. लंबू कितीतरी दिवस त्याला 'ब्रेक्या' म्हणाला नाही, आणि ते त्याला आवडलं नाही. बस चालवताना कोपऱ्यावर तो मान खाली ठेवून वळायचा. पूर्वी त्याला वाटायचं, ज्याची भीती वाटते ते एकदा होऊन गेलं की माणूस सुटतो. तसं काही झालं नाही. भीती होती तशीच राहिली, फक्त आता तिला बघायला खिडकी नव्हती.

खोली रिकामी करायची होती. हिवाळा तोंडावर आला होता, ऊन सोन्यासारखं पडत होतं, समुद्रावर माणसांची जत्रा होती. रजा घेऊन तो आणि बायको दुपारी आले. सामान फार नव्हतं. चादरींच्या घड्या अशा होत्या की हॉटेलच्या कपाटातून आल्यासारख्या. ड्रॉवरमध्ये कानाचं यंत्र मिळालं. बायको गाठोडी घेऊन खाली गेली, आणि तो शेवटची म्हणून वेताची खुर्ची उचलायला आला.

खोलीत कोंदट झालं होतं. त्याने झडपा उघडल्या. खारा वारा आत आला, योग्य वेळी, योग्य बाजूने. तो खुर्चीत टेकला. खाली कोपरा दिसत होता. त्याला आठवलं की या खिडकीतून त्याने रस्ता कधी बघितलाच नव्हता. तो नेहमी रस्त्यावरून खिडकी बघायचा.

तेवढ्यात बस आली. त्याच्या वेळेची बस, आज बदली ड्रायव्हरने आणलेली. ती कोपऱ्यावर सावकाश वळली. वरून त्याला बसचं छप्पर दिसलं, समोरची काच दिसली, काचेतून स्टिअरिंगवरचे दोन हात आणि शर्टाचं एक बटण दिसलं. चेहरा दिसला नाही. छपराची कड मधे येत होती. चेहरा दिसायचा, तर ड्रायव्हरने स्टिअरिंगवर पुढे वाकून, मान वाकडी करून, वर बघायला हवं होतं.

तो ड्रायव्हर कशाला वर बघेल? बस निघून गेली.

हा बसून राहिला. म्हणजे तिला दिसत होतं. इतकी वर्षं, रोज, या कोपऱ्यावर एवढ्या सगळ्या बसमधून एकाच बसच्या काचेत एक चेहरा पुढे यायचा आणि वर बघायचा. खिडकी बघण्याआधी तो कसा असायचा आणि बघितल्यावर कसा व्हायचा, हे त्याने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तिने रोज पाहिलं होतं.

"अहो, झालं का?" खालून जिन्यातून बायकोची हाक आली. "खिडकी लावून घ्या आणि या!"

त्याने उठून झडपेला हात घातला. मग तो काढून घेतला. पुढची बस यायची होती.

"बस जाऊ दे, मग लावतो," तो म्हणाला, आणि खुर्ची थोडी चौकटीजवळ ओढून पुन्हा बसला.